सांधेवाला

ऑस्बर्न ड्रायव्हर पर्थला गेला तेव्हा
मागं राहिलं एक कुत्रं आणि एक मासिक.
कुत्रं दोन महिन्यांत मेलं.
मासिकातलं एक पान सटवाजी खिल्लारेनं
पूर्णा यार्डातल्या केबिनमध्ये, कंदिलाच्या खुंटीखाली,
गव्हाच्या खळीनं चिकटवलं.

निळ्या बनियनमधला एक माणूस, हवेत.
मान वाकडी, डोळे मिटलेले, कपाळाला टेकलेला चेंडू.
खाली मुंग्यांची रांग : अक्षरं इंग्रजी, भाषा इंग्रजी नव्हे.
नाव तेवढं ठळक. ओरेस्ते माझ्झांती.
आम्ही त्याला रस्ते म्हणायचो.
नवखा कुणी विचारायचा, हे रस्ते कुठले, वाईकडचे का?
न्हाई, सटवाजी म्हणायचा, इटलीचे.

सटवाजी सांधेवाला. त्यानं खटका ओढला
की अकोल्याची गाडी अकोल्याला, परळीची परळीला.
आणि संध्याकाळी लोको शेडमागं, कोळशाच्या राखेवर,
तो आमचा शेवटचा बचाव. मी त्याच्यामागं, गोलकीपर.
मला काम नसायचं.
तो धावायचा नाही फार. नुसता उभा राहायचा,
आणि समोरून सुसाट आलेला पोरगा
आपसूक सायडिंगला लागायचा.

रात्रपाळीत, दोन गाड्यांच्या मधे,
तो रस्त्यांचं चरित्र सांगायचा.
बाप गवंडी. आई भाताच्या वाफ्यात.
गावाला नदी, आपल्या पूर्णेपेक्षा रुंद
(हे कबूल करताना त्याला जड जायचं).
पहिले बूट थोरल्या भावाचे, पुढं चिंध्या कोंबलेले.
एकोणीस वर्षं एकच क्लब. दुसऱ्यांनी पैसा दाखवला
तर गाभण म्हैस मागितल्यासारखा बघायचा.
गुडघ्याचा सांधा गेला, डॉक्टर म्हणाला, बस कर;
हा सहा महिने भिंतीशीच खेळला.
गोल किती मारले? मी विचारलं.
एकबी न्हाई. सांधेवाला कधी गाडीत बसून जातो का?

तुला कसं ठाऊक? तर बोट पानाकडं : लिवलंय की.
त्याला मराठीसुद्धा सहीपुरतीच यायची.

नांदेडची फायनल. पोलिसांचा संघ. शेवटचं मिनिट, कॉर्नर.
सटवाजी उडाला.
त्याला उडताना मी कधीच पाहिलं नव्हतं,
म्हणून बघतच राहिलो बहुतेक.
चेंडू माझ्या डाव्या पंजाला चाटून आमच्याच जाळीत.

पॅसेंजरमध्ये कुणी बोललं नाही.
लिंबगावला त्यानं सगळ्यांना चहा पाजला.
दुसऱ्या दिवशी खटका ओढला, गाडी अकोल्याला गेली.
बूट कुणाला दिले, कळलं नाही.

मीटरगेज उखडली, केबिन पाडली.
पान मी काढून आणलं, पोपड्यांसकट,
ट्रंकेत, फंडाच्या कागदांखाली ठेवलं.
परवा नातीनं त्यावर मोबाइल धरला
आणि मुंग्या हलल्या, मोडक्या मराठीत उभ्या राहिल्या.
बाप दातांचा डॉक्टर. क्लब सहा.
गोल अकरा. आणि शेवटच्या सामन्यातला हा बारावा,
फोटोतला, स्वतःच्याच संघावर.

ताडकळस रोडला सटवाजी पोराकडं असतो.
डोळ्यांत मोतीबिंदू, हातात हरभऱ्याचा डहाळा.
मी बाकीचं गिळलं, बाराव्याचं तेवढं सांगितलं.

ठावं हाय, तो म्हणाला.
जाळी त्याच्या तोंडापुढंच हाय की, दोन हातांवर.
गोलकीपर ना तू? बगितलं न्हाई का?

कधीपासून ठावं?

एक घाटा सोलला त्यानं. रिकामा निघाला.
नांदेडाहून आल्यापासून.
त्याआधी मलाबी वाटायचं, चेंडू भाईर काढायलाय.

मग बराच वेळ काही नाही.
मग : बापाचं काय लिवलंय?

गवंडी, मी म्हणालो.

गवंडीच असणार, तो म्हणाला, आणि दुसरा घाटा सोलला.