मूळचे कुठले

मोरेश्वर वैती, वय एकोणसाठ, माहूल.
होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात.
सोनोग्राफी मुतखड्यासाठी काढलेली,
आणि यकृताच्या उजव्या अंगाला हे :
नऊ सेंटिमीटर, कडा स्पष्ट, चेहरा अनोळखी.

दारू? नाही. कावीळ? लहानपणीसुद्धा नाही.
रक्तातले आकडे शहाण्यासारखे जागच्या जागी.
सुईने ओढलेला धागाभर तुकडा
तळमजल्यावर भरुचा मॅडमनी रंगवला, फोन केला :
"हा इथला नाही वाटत. कुठून तरी आलाय. शोधा."

मग शोधत सुटलो त्याचं गाव.
वरून दुर्बीण, खालून दुर्बीण,
स्वादुपिंड, फुप्फुसं, आतड्याची गल्ली न् गल्ली.
गॅलियमच्या स्कॅनमध्ये राखाडी देहात
एकच ठिणगी, तीही तिथंच.

"सापडलं का?" वैती दर सोमवारी.
"त्याचं मूळ, काका. ते कळल्याशिवाय..."
"मलाही विचारतात हो. मूळचे कुठले?
माहूल म्हटलं, तर म्हणतात,
ते कळलं, पण त्याआधी?"

बुधवारी पोट उघडलं.
सरांनी आधी यकृताला हातच लावला नाही.
सगळं आतडं वीत वीत बोटांतून सरकवलं,
दोरखंडातली गाठ चाचपावी तसं.
काही नाही.
"मग इथलाच आहे," मास्कमधून म्हणाले.

रक्ताच्या वाटेला चिमटा. पंधरा मिनिटं.
पाच मिनिटं मोकळा. पुन्हा पंधरा.
तिसऱ्या खेपेला माझ्या हातातली नळी थरथरली.
"श्वास घे," सर म्हणाले, "तुलाही लागतो."

खाटकाकडे काळीज म्हणजे हेच.
आईच्या तोंडी ते छातीत असतं, तुटतं, चरकतं.
ट्रेमध्ये अकराशे ग्रॅम धरून
तळमजल्यापर्यंत जिना उतरले मी,
लिफ्ट चालू असताना.

भरुचा मॅडमनी लिहिलं :
यकृतातच उगम, अत्यंत दुर्मिळ.
खाली बारीक अक्षरात :
दर सहा महिन्यांनी शोध चालू ठेवावा.

तीन महिन्यांनी, पडद्यावर
उरलेलं यकृत वाढून रिकाम्या जागेत सरकलेलं.
वैती बघत राहिले. "कुणाला न विचारता?"
"कुणाला न विचारता."

केसपेपरची घडी घालता घालता म्हणाले,
"डॉक्टर, तुम्ही मूळच्या कुठल्या?"
"तिरोडा," मी म्हणाले,
आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली.

त्यांनी तो विचारला नाही.