तीन धुण्यांत

परदेशीपुऱ्यात, बंद मिलच्या भिंतीला पाठ लावून
माझं दुकान. नऊ बाय अकरा.
एक हीट-प्रेस, विनाइलचे रोल
आणि हँगरवर माद्रिद, मँचेस्टर, म्युनिक,
साडेतीनशेला एक, दोन घेतलीत तर सहाशे.
पोरं येतात, परक्या मुलखातली आडनावं मागतात,
स्पेलिंग मोबाइलवर दाखवतात.
पोटावर कुठल्याशा सट्ट्याच्या ॲपचं नाव असतंच.
एकानं एकदा विचारलं, काका, हे काढून मिळेल?
म्हटलं, भिया, कोरी छाती महाग पडते.
तो हसला.
मी तर खरं तेच सांगितलं होतं,
लावायला लागतो त्याहून काढायला जास्त वेळ लागतो.

बाबांची जर्सी कोरीच होती.
मिलचाच कटपीस,
शिवलेला लूमखात्यातल्या गजाभाऊंच्या बायकोनं.
पाठीवर ब्रशनं रंगवलेला नऊचा आकडा
घामाबरोबर कातडीवर उतरायचा,
आई तो रॉकेलच्या बोळ्यानं पुसायची.

उज्जैनच्या मिलशी फायनल.
साल बाबांना आठवायचं नाही, मिनिट आठवायचं,
सत्याहत्तरावं.
बॉल मनगटाला घासून जाळ्यात गेला,
रेफ्रीनं गोल दिला, माणसं मैदानात उतरली,
आणि त्या गर्दीत बाबा हात वर करून उभे :
"साहेब, हात लागला."
हरले.
तीन महिने खात्यात कुणी
त्यांच्या डब्यातली चटणी घेतली नाही.
ही गोष्ट सांगताना बाबा कधी उंच झाले नाहीत,
उलट गुन्हा कबूल केल्यासारखे
चहाच्या बशीत बघत सांगायचे.
पुढे भोंगाच बंद झाला.

त्या मैदानावर आता अठरा मजले.
नाव 'फील्ड व्ह्यू'.
दारात सिमेंटचा फुटबॉल, त्यावर कारंजं.
मागे प्लास्टिकचं गवत, तासाला बाराशे,
बाहेरच्यांना दीड हजार.
बाहेरचे म्हणजे आम्ही.

मार्चमध्ये रेहाना मॅडम आल्या.
महापालिकेच्या शाळेतल्या पोरी, चौदा जणी.
"स्पॉन्सर मिळाला!
बूट देतोय, बॉल देतोय, भोपाळचं भाडंसुद्धा."
कागद सरकवला.
छातीवर, बारा इंची : फील्ड व्ह्यू.

मी रात्री एकपर्यंत बसलो.
पाठीवरचे आकडे नव्या रोलचे,
दीडशे डिग्री, पंधरा सेकंद, मोजून.
छातीसाठी मात्र
मागच्या रॅकवरचा मुदत संपलेला रोल काढला.
सहा सेकंद.
तीन धुण्यांत निघेल. निघू दे.
एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा कच्चं काम केलं
आणि अशी झोप लागली म्हणून सांगू!

एप्रिलात नऊ नंबरवाली आली, खुशबू बौरासी.
जर्सी दोन बोटांत धरलेली.
'फी' गळून गेलेली,
उरलेलं 'ल्ड व्ह्यू' सालपटासारखं लोंबत होतं.
"काका, फोटोत नाव येत नाही
म्हणून त्यांनी बुटांचे पैसे अडवलेत."
तिच्या कॅनव्हासच्या बुटातून अंगठा बाहेर आलेला.
तो तिनं दुसऱ्या पायामागे लपवला.
"मॅडम म्हणतात, धुण्यात चूक झाली.
आम्ही गरम पाणी वापरलं का, काका?"

प्रेस तापत होती. लाल दिवा.
मला वाटलं होतं, पाय बिल्डरला घातलाय,
लागला तो हिच्या नडगीला.
दुकानात रेफ्री नव्हता,
गर्दी नव्हती, शिट्टी नव्हती.
गप्प राहिलो असतो तर
गरम पाण्यावर भागलं असतं.

"पाण्याची चूक नाही," मी म्हटलं,
आणि माझा हात आपोआप खांद्याच्या वर गेला.
"हात लागला. माझा."

तिला काहीच कळलं नाही.
"मग आता नीट लावा," ती म्हणाली,
"शनिवारी मॅच आहे."