वर्ग एकवीस

ब्रनोहून पत्र आलं, जाड कागदाचं.
आम्ही आमच्या पेट्यांवर जो शब्द चिकटवत होतो
तो अकरा वर्षांपासून दुसऱ्याच कुणाचा आहे म्हणे.
रीतसर नोंदलेला, वर्ग एकवीस,
जिथे मत्स्यपेट्या, फुलदाण्या आणि टूथब्रश
एकत्र नांदतात.
तीन आठवड्यांत शब्द उतरवा.
(म्हणून तो मी इथेही लिहीत नाही.)

झेलेझ्नी ब्रोदमध्ये काचेचं कुणाला अप्रूप नाही.
नदीकाठच्या शेडमध्ये ओत्मार काच कापतो:
चाक रॉकेलात बुडवून एक रेघ,
मग एक टक्क.
त्याच्या डाव्या करंगळीचं टोक एकोणऐंशी साली गेलं,
त्यावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.
सिलिकॉन सुकतं तेव्हा व्हिनेगरचा वास सुटतो,
वाटतं शेजारी कुणी काकड्या मुरवतंय.
मग क्वेतुशे आत उतरते, कोपरापर्यंत.
कॉर्कची साल, शेवाळ, तळहाताएवढा पंखा,
आणि दर चाळीस मिनिटांनी
वरून धुकं.
ते सगळं कुणासाठी, तर
एक्वादोरच्या ढगांतल्या एका ऑर्किडसाठी,
ज्याचं फूल मोहरीहून जरासंच मोठं.
बघताना श्वास रोखायचा,
नाहीतर भिंगावर वाफ धरते.

त्या रात्री नाव ठेवायला बसलो
आणि पहाटेपर्यंत नावंच ठेवत राहिलो,
मी क्वेतुशेच्या नावांना, ती माझ्या.
ती म्हणाली, शेवटी ‘आरियम’ लाव, लॅटिन होतं.
पण लॅटिन सगळं विकलं गेलंय.
मी ‘म्लझ्निक’ सुचवलं, म्हणजे धुक्याचं घरटं साधारण.
ते प्ल्झेनच्या एका ई-सिगारेटवाल्याने नेलेलं.
दवाचं नाव गादीवाल्याकडे.
ढगाचं तर विचारूच नका,
ढगाखाली फोटो ठेवणाऱ्यांची रांग लागलेली.
नोंदणीची फी म्हणजे सात पेट्यांची काच.
ओत्मार दारातूनच म्हणाला, खोकं म्हणा,
माझा बाप खोकंच म्हणायचा,
आणि सायकलला टांग मारून गेला.

मी त्या कंपनीची चौकशी केली.
माशांचं खाद्य विकतात.
पेटी एकही बनवलेली नाही कधी.
कुणाचं तरी दिवाळं निघालं, तेव्हा
खुर्च्या, मांडण्या, एक वजनकाटा
आणि त्याबरोबर हा शब्द, लिलावात आला.
त्यांना तो कुठे ठेवलाय हेही आठवत नसावं
वकिलाने आठवण करून देईपर्यंत.
राग यायला हवा होता.
मला त्या शब्दाचीच दया आली,
अकरा वर्षं कुणी त्यात काही लावलं नाही.

अक्षरं आम्ही आतून लावलेली,
गिऱ्हाइकाच्या नखांपासून वाचावीत म्हणून.
चौसष्ट पेट्या. ब्लेड धरून धरून
क्वेतुशेचा अंगठा सुजला.
काच अशी निघाली, की चिमणी आपटेल.
वकिलाला फोटो पाठवला, तारखेसकट.
आणि चाळीस मिनिटांनी
पंप घरघरला, धुकं उतरलं,
काचेवर सगळीकडे बसलं,
फक्त जिथे गोंद होता तिथे नाही.
शब्द उभा. उलटा नाही, पुसट नाही,
पहिल्या अक्षराच्या शेपटीसकट.
चौसष्ट पेट्यांवर, एकाच वेळी.
आम्ही दोघं बघत राहिलो.
मग पंखा फिरला आणि तो गेला.

ओत्मार म्हणाला, आता धुक्याला नोटीस पाठवा म्हणावं.

दुसऱ्या दिवशी ओलोमोउत्सहून डॉक्टर व्लास्ता स्कोपालोव्हांचा फोन.
त्यांना एक हवी होती.
काय हवी ते त्यांना सांगता येईना,
मलाही विचारता येईना.
शेवटी त्या म्हणाल्या, अहो ती,
जिच्यात दिवसभर सकाळ असते.
मी हो म्हटलं, माप घेतलं, पत्ता घेतला.
बिलावर वस्तूच्या रकान्यात
पेन जरा वेळ अडलं.
मग लिहिलं: एक नग.