निसवल्याची तारीख

दोन गोण्या होत्या. एकीवर कोळशाने लिहिलेलं: सारंगखेडा.
दुसरीवर काहीच नव्हतं, पण तोंड बांधलेलं
लुगड्याच्या काठाने, म्हणून ती निजामपूरची.
दोन्ही दादर. दोन्ही पांढरी.
मुठीत धरून मला फरक कळला नाही,
आणि एकवीस वर्षं झालीत मला धुळ्याच्या फार्मावर
ज्वारी मोजण्याच्या नोकरीत.

मॅडम म्हणाल्या, तापीची माळावर पेरू, माळाची तापीवर,
आणि एकेक ओळ आपापल्या घरी.
पाणी द्यायचं नाही. जमिनीत असेल तेवढ्या ओलीवर.
उखाभाऊ, तुम्ही फक्त तारीख लिहा,
कोणती कधी निसवली.

पहिल्या वर्षी वही सरळ होती.
तापीची तापीवर वाढली माणसापेक्षा दोन हात उंच,
घोडेबाजाराचे तंबू उठल्यावर सावकाश निसवली.
खाली काळी माती तीन पुरुष खोल,
तिला कसली घाई?
तीच माळावर पोटरीत अडकली.
मुरमातली ओल संपली, ही अजून पानंच काढतेय.

निजामपूरची ठेंगणी.
नऊ पानं झाली की कणीस बाहेर, दाणा बारका पण भरलेला.
तापीवर आणली तरी तेच:
पुढ्यात एवढी ओल, पण उधारीवर विश्वास नसल्यासारखी
सगळ्यांच्या आधी निसवली,
आणि पाखरांनी सगळ्यांच्या आधी तिलाच खाल्लं.
बांधावरून हिरकणबाई म्हणाली,
पाहुनी शे ती. आठेनी माटी तिले वळखत नही.

मी मॅडमना विचारलं, हिला हे शिकवलं कोणी?
कोणीच नाही, म्हणाल्या. ताट शिकत नसतं.
एखाद्या वर्षी ओल लवकर गेली,
उशिराची सगळी वांझ वाळली, कडबा झाली, बैलांनी खाल्ली.
घाईची चार होती, त्यांचीच कणसं सुपात आली.
पुढच्या वर्षी पुन्हा. तिच्या पुढच्या वर्षी पुन्हा.

त्या रात्री मी गोणीत हात घालून बसलो.
एकवीस वर्षं दाणे मोजले.
न आलेले कधी मोजले नव्हते.

आणि उन्हाने निवडलं ते एक, हिरकणबाईने निवडलं ते वेगळंच.
थापताना भाकरी चिरते, म्हणून तिच्या सासूने
एक अख्खा वाण घरातून घालवला होता.
हे कोणत्या तक्त्यात लिहू?

तिसऱ्या वर्षी पोळ्यानंतर थेंब नाही.
दिवाळीला तापीकाठच्या भेगेत माझा पाय घोट्यापर्यंत गेला.
जानेवारी निम्मा झाला, तापीची ज्वारी
तापीवर, स्वतःच्या ओळीत, पोटरीत अडकलेली.
शेजारी ती ठेंगणी पाहुणी दाणे भरून उभी.

मी तारखा दोनदा तपासल्या.
शेत तेच, बांध तोच, सातबारा हिरकणबाईचाच.
पण ही ज्वारी ज्या गावची होती
ते गाव तिथून उठून गेलं होतं,
आणि तिला कोणी सांगितलं नव्हतं.

हिरकणबाई काही बोलली नाही.
ओळीत शिरली, पार शेवटापर्यंत गेली.
परत आली तेव्हा पदराची किनार फाटलेली,
आणि मागे, त्या चारशे अडकलेल्या ताटांत,
अकरा ताटांना लाल चिंध्या.
तापीचीच. उंच. पण निसवलेली.
कधी निसवली, ते मीही पाहिलं नव्हतं;
मी ओळ पाहत होतो.

वहीत अकराचा रकाना नाही.
समासात लिहिलं, आडवं, पेन्सिलीने:
चिंधीवाली वेगळी कापणे.
मळणीत मिसळू नये.
पाखरं राखायला उद्यापासून माणूस हवा.