कलम नऊ

भाडं एकोणीस, डिपॉझिट साठ,
एजंटचे एकोणीस वेगळे.
"ताई, सगळ्यांना हाच रेट," पाटकर चहा फुंकत म्हणाला.
कन्नमवार नगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
करार अकरा महिन्यांचा. कलम नऊ :
भिंतीत खिळा ठोकू नये.

कुणाच्या तरी जुन्या लाइटबिलाच्या पाठीवर
मी यादी केली. बादली आधी, पडदा नंतर.
मग समोरच्या गॅलरीतले आजोबा दिसले.
पडदा आधी.
पंखा आहे की नुसता हूक,
हे टोकन द्यायच्या आधी बघायचं असतं.
हूक होता.

पाणी साडेपाच ते सात,
हे करारात कुठेच नव्हतं.
शेजारच्या तांडेलकाकूंनी पहिल्या दिवशी
अर्धी कळशी दिली आणि वर सुनावलं,
"फ्रिजचं राहू दे. पिंप घे आधी."

गादी, कुकर, झाडू, कुलूप.
कुलूप दोनदा; पहिलं स्वस्तातलं होतं.
बेरीज चौदाशेनं चुकते, कितीदाही करा.
फोनवर आईला सांगते, बसतंय गं सगळं.

काल रात्री लाइट घालवताना दिसला
दाराच्या मागे
रंगाचे दोन हात खाऊन बसलेला
आधीच्या कुणाचा तरी खिळा.
त्याचंही कलम नऊच असणार.
हलवून पाहिला. पक्का.

ऑफिसची पिशवी अडकवली त्याला
आणि कितीतरी दिवसांनी
काहीच न धरता
खोलीच्या मधोमध उभी राहिले.