मॅटाडोर, एकोणऐंशी

पहिला थर पिवळा निघाला, शाळेचा.
त्याखाली पांढरा, कुठल्याशा नर्सिंग होमचा, लाल पट्टीसकट.
त्याखाली निळ्यावर मोडकी अक्षरं:
'...रती पापड, घाटकोपर'.
पहिलं अक्षर गंजानं खाल्लेलं.
शमसुद्दीन पावसकर म्हणाले, थांब गो,
इथं पॉलिश पेपर मारू नको,
एवढा तुकडा राहू दे.

मी पंपावर पीयूसी काढते, बैलबाजारच्या नाक्यावर.
दिवसभर लोकांच्या सायलेन्सरात नळी खुपसून
कुणाच्या पोटात काय जळतंय ते वाचते.
म्हणून अट पहिल्याच दिवशी घातली:
पळवायची, पण कागदावर.
रात्री दीडला बीकेसीत चोरून नाही.
हॉर्न, वायपर, दोन्ही इंडिकेटर चालू,
आणि सोमवारी हिच्यातूनच गहू दळायला न्यायचे.

इंजिन ट्रॅक्सचं, चेपलेल्या गाडीतलं, टर्बोसकट.
एकाच आईची लेकरं, म्हणाले पावसकर,
आणि भोकं खरंच जुळली,
चार सोडून.
त्या चारांनी दोन दिवाळ्या खाल्ल्या.

वडाळ्याला पेन्सिल घासून चासी नंबरचा ठसा दिला,
हरितकर भरला,
इंजिन बदलल्याचा अर्ज तीनदा लिहिला.
खिडकीतला साहेब म्हणाला, बाई,
एवढ्यात नवी आली असती.
मी म्हटलं, आली असती.

आता हिची खोड ऐका.
ही मागून ढकलत नाही, पुढून ओढते.
पाय दिला की नाक वर, पुढची चाकं जागीच,
नुसता धूर, नुसता कांगावा.
पावसकरांनी रात्रभर विडी ओढली.
सकाळी कोठारींच्या बंद रेशन दुकानातून
पाच किलोची सहा मापं उचलून आणली,
पोटात शिसं, शिशावर सरकारी शिक्का,
आणि बंपरमागे बोल्टानं आवळली.
वजन खरं असलं की गाडी खोटं बोलत नाही,
असं ते म्हणाले. मला तेव्हा ते पटलं नव्हतं.

उरणच्या अंगाला भाड्यानं घेतलेली पट्टी.
चारशे मीटर, दोन्हीकडे टायरांच्या भिंती,
एक अॅम्ब्युलन्स, एक वडापाववाला.
शेजारी मुलुंडचा हर्षिल,
जमिनीला पोट घासणारी लाल गाडी,
ट्रेलरवर निजून आलेली.
त्यानं काच खाली करून विचारलं,
मावशी, पापड आणले का?

दिवे. पिवळा, पिवळा,
हिरवा.
मापांनी नाक दाबून धरलं,
चाकांनी डांबर चावलं,
मागच्या दाराची कडी थरथरली,
दुसरा, तिसरा,
कानात फक्त टर्बोची शीळ
आणि डोळ्यांसमोर पट्टी
दळणाच्या पिठासारखी बारीक बारीक होत गेलेली.

सतरा पूर्णांक चार.
हर्षिल बारात.
हरले, साफ. कुणी टाळी वाजवली असेल तर ती
पावसकरांनी, एकट्यांनी, विडी तोंडात ठेवून.

दुसऱ्या फेरीत लाल गाडीचा अॅक्सल तुटला.
काडकन, पापडासारखा. मी काही बोलले नाही.
ट्रेलरवाला दुसऱ्या भाड्यावर निघून गेलेला,
फोन उचलत नव्हता.
अंधार पडला, डास आले.
मग पावसकरांनी दोर काढला.
हर्षिलनं एकदा दोराकडे पाहिलं,
एकदा निळ्या तुकड्याकडे,
आणि हुक कुठे आहे ते दाखवलं.

ओढत आणली. वाशीचा पूल, वीसच्या वेगानं,
चारी इंडिकेटर टिकटिक.
मागून ट्रकवाल्यांचे हॉर्न, शिव्या.
मापं पुढे गुपचूप बसलेली.

मानखुर्दला हवालदारानं हात दाखवला.
टॉर्च मारला, पाठीमागचा दोर बघितला,
मग कागद मागितले.
आरसी, विमा, फिटनेस, सगळं.
पीयूसी वाचताना थबकला:
ही सही तुमचीच?
माझीच.
स्वतःच स्वतःला पास करता?

तपासून करते, म्हटलं.
तो हसला नाही.
सायलेन्सरमागे वाकून त्यानं
हातरुमाल धरला थोडा वेळ,
उघडून पाहिला,
घडी घातली,
आणि जा म्हणाला.