डॉल्फिन न दिसल्यास पैसे परत

पाळोळेच्या वाळूत रोवलेली पाटी.
खाली दयेश पागीचा नंबर,
शेवटचे दोन आकडे खाऱ्या वाऱ्याने खाल्लेले.

आम्ही सातजण, नारिंगी जॅकेटात कोंबलेले.
बटरफ्लाय बीच झाला,
कासवासारखा म्हणतात तो खडक झाला,
मला नुसता खडकच वाटला.
मग दयेशने इंजिन बंद केलं.
पाणी होडीच्या पोटाला थापट्या मारत राहिलं.

"बापूय माझा शिव्या घालायचा ह्यांना.
जाळं फाडायचे. एका रात्रीत अर्धं वर्ष."
आणि तोंडाशी हात धरून
त्याने त्यांना हाक मारली,
उधारी मागायला आल्यासारखी,
जरा खालच्या पट्टीत.

एक पाठ. काळी, ओली. गेली.
चौगुलेकाकू नेमक्या तेव्हा
पिशवीत आलेपाकाची वडी शोधत होत्या.
त्यांचे पैसे परत करायचे का,
यावर किनारा येईपर्यंत वाद.

रात्री त्याच्या भावाच्या शॅकमध्ये जेवलो.
भिंतीवर तेच जाळं,
शंख-बिंख अडकवून, दिव्यांची माळ सोडून.
मधलं भगदाड तसंच ठेवलंय,
लोक त्यातून तोंड काढून फोटो घेतात.
मीही घेतला.

काकू बराच वेळ
भगदाडाच्या कडेची तुटकी गाठ चाचपत राहिल्या.
मग म्हणाल्या,
राहू देत ते पैसे.